भेंडी बाजाराचा पुनर्विकास : संमतीच्या टक्केवारीपलीकडे

मुंबई : शहराच्या मध्यवर्ती भागातील एखादी जुनी बाजारपेठ पाडून तेथे नवी उभारण्याचा प्रस्ताव आला, की पहिला प्रश्न विचारला जातो तो पैशांचा आणि दुसरा परवानग्यांचा. तेथे राहणारे आणि तेथे धंदा करणारे लोक या प्रस्तावाच्या बाजूने आहेत काय, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो. दक्षिण मुंबईतील भेंडी बाजार या बाबतीत अपवाद म्हणावा लागेल. येथे लोकांचा पाठिंबा आधी उभा राहिला, इमारती मागाहून उभ्या राहू लागल्या. असे असूनही पहिल्या टप्प्यातील घरांच्या आणि दुकानांच्या किल्ल्या लोकांच्या हाती पडेपर्यंत दशक उलटले आणि त्या मधल्या काळात एका इमारतीने ३३ जणांचे प्राण घेतले. स्थानिक पाठिंबा म्हणजे नेमके काय, तो कोणाचा मोजला जातो आणि कोणाचा मोजलाच जात नाही, हे समजून घेण्यासाठी मुंबईत याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दाऊदी बोहरा समाजाचे ५२ वे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टची स्थापना झाली. सुमारे साडेसोळा एकर जागा, २५० च्या आसपास जीर्ण इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने असा या योजनेचा आवाका आहे. एकेका इमारतीचा सुटा पुनर्विकास न करता संपूर्ण मोहल्ल्याची एकत्रित फेरआखणी करायची, अशी ही कल्पना. समूह पुनर्विकास हा शब्द आज सरकारी फायलींत रुळला आहे. त्या वेळी तो नवा होता. योजनेचा खर्च ४,००० कोटी रुपयांच्या घरात जाईल, असे सांगितले गेले. जुन्या रहिवाशांचे व दुकानदारांचे मोफत पुनर्वसन करून उरलेले बांधकाम खुल्या बाजारात विकायचे आणि त्यातून खर्चाचा मोठा भाग वसूल करायचा, हे या योजनेचे गणित आहे.

गाळा खाली, बिऱ्हाड वर

मोहम्मद अली रोड, पाकमोडिया स्ट्रीट, चोर बाजार आणि नळ बाजार यांच्या सान्निध्यात हा परिसर वसला आहे. ब्रिटिश अमदानीत कोटाबाहेरची 'नेटिव्ह' वस्ती जसजशी उत्तरेकडे सरकली, तसतसा तो दाट होत गेला. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग म्हणून इंग्रज त्याला 'बिहाइंड द बझार' म्हणत आणि त्याचेच पुढे भेंडी बाजार झाले, अशी व्युत्पत्ती नेहमी ऐकवली जाते. भेंडीच्या झाडांवरून हे नाव पडले, असे मानणारेही आहेत. संगीतप्रेमींना मात्र हे नाव वेगळ्याच कारणासाठी ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिजनौरहून आलेल्या छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या बंधूंनी येथे राहून जी गायकी घडवली, ती भेंडीबाजार घराणे म्हणून ओळखली गेली. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर याच परंपरेतल्या. लता मंगेशकर यांनीही काही काळ याच घराण्याच्या अमान अली खाँ यांच्याकडे तालीम घेतली होती. घराण्याला गावाचे नव्हे, तर बाजाराचे नाव मिळावे, हे मुंबईला साजेसेच!

येथील अनेक इमारती मुळात कुटुंबांसाठी बांधलेल्याच नव्हत्या. गोदीत, गिरण्यांत किंवा पेढ्यांवर काम करण्यासाठी एकट्याने मुंबईत आलेल्या पुरुषांची ती वसतिस्थाने होती. त्यामुळे खोल्या लहान आणि शौचालये मजल्याच्या टोकाला सामाईक. पुढे गावाकडची कुटुंबे आली, खोल्यांत पोटमाळे चढले, कठडे पत्र्याने बंद झाले, तरी शौचालये तेथेच राहिली. तळमजल्यावर मात्र पहिल्यापासून दुकाने. हार्डवेअर, भांडी, अत्तर, मिठाई, जुने सुटे भाग, बोहरी स्त्रियांच्या रिदांचे कापड, सोनेरी किनारीच्या टोप्या असा हा चौफेर बाजार. रमजानच्या रात्री आजूबाजूच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. २००२ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. उड्डाणपुलामुळे मोटारी डोक्यावरून निघून जाऊ लागल्या, पण बाजाराचे गिऱ्हाईक पायी येणारे असल्याने तो खालच्या रस्त्यावर टिकून राहिला.

इमारती का खचल्या?

या इमारतींची दुर्दशा केवळ वयामुळे झालेली नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी जवळपास गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले; मात्र दुरुस्तीवर एक रुपयाही खर्च करणे मालकाच्या दृष्टीने तोट्याचे ठरले. मग मालकाने छपराकडे पाहणे सोडले आणि भाडेकरूने जागा सोडणे सोडले. मोठी रक्कम एकदाच देऊन जागेचा ताबा घ्यायचा आणि नंतर नाममात्र भाडे भरत राहायचे, ही पागडीची पद्धत त्यातूनच फोफावली. कायद्याने ती अमान्य असूनही सारे शहर ती पाळत होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने अखेर तिला मान्यता दिली.

सरकारने १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्तीसाठी उपकर सुरू केला. तेव्हा बेट शहरात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात मोडतात आणि भेंडी बाजारातल्या बहुतेक इमारती याच वर्गातल्या. पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करायची, नोटिसा चिकटवायच्या, टेकू लावायचे आणि पावसाळा सरला की सारे विसरायचे, हा क्रम मुंबईकरांच्या चांगला परिचयाचा आहे.

सह्या कोणाच्या मोजतात?

विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) हा नियम एकेका उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासासाठी आहे, तर ३३(९) समूह पुनर्विकासासाठी. २००९ मध्ये ३३(९) मध्ये फेरबदल होऊन बेट शहरात किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्राच्या समूहाला चार चटई क्षेत्र निर्देशांक देण्यात आला. भेंडी बाजाराची योजना याच नियमाच्या आधारे उभी राहिली. दोन्ही नियमांत तेव्हा ७० टक्के भाडेकरू व रहिवाशांची लेखी संमती आवश्यक होती. पुढे ही अट शिथिल करून मुख्यतः ५१ टक्क्यांवर आणण्यात आली.

अट शिथिल करण्यामागचे सरकारचे म्हणणे उघड आहे. मूठभरांनी अडवून धरल्यामुळे बाकीच्यांनी जीव मुठीत धरून का राहायचे? त्यात तथ्य आहेच. तथापि संमतीची टक्केवारी कमी केली म्हणून विरोध कमी होत नाही, तो केवळ मोजणीबाहेर जातो. ज्यांनी सही केलेली नाही, त्यांच्याही खोल्या शेवटी रिकाम्या कराव्याच लागतात आणि खरी दिरंगाई तेथेच होते. भेंडी बाजारातही अडचण सत्तर टक्के गाठण्याची नव्हती. उरलेल्यांपर्यंत पोहोचायचे कसे, ही होती.

बहुसंख्य रहिवासी एका समाजाचे, योजनेमागे धर्मगुरूंचा शब्द आणि नफा कमावणारा विकासक नाही, या तीन गोष्टींमुळे येथील पाठिंबा मुंबईतील इतर कोणत्याही प्रकल्पापेक्षा लवकर जमला. ट्रस्टने बहुसंख्य इमारती मालकांकडून विकत घेतल्या, त्यामुळे मालक विरुद्ध भाडेकरू हा नेहमीचा झगडाही बराचसा टळला. घरांपुरते पाहिले तर रहिवाशांचा हिशेब सोपा होता. शंभर-दीडशे चौरस फुटांची भाड्याची खोली आणि मजल्याचे सामाईक शौचालय एका बाजूला. मालकी हक्काचे किमान ३५० चौरस फुटांचे घर, घरात स्वच्छतागृह आणि लिफ्ट दुसऱ्या बाजूला. बांधकाम होईपर्यंत राहण्यासाठी माझगावसारख्या जवळच्या भागात संक्रमण घरांची सोय करण्यात आली. संक्रमण शिबिर म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर तीस-तीस वर्षे तेथेच खितपत पडलेली कुटुंबे येतात. त्यामुळे जागा दूर उपनगरात नसणे, हाच अनेकांसाठी निम्मा विश्वास होता. सर्वच रहिवासी बोहरी नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे. इतर समाजांतील भाडेकरूंना धर्मगुरूंचा शब्द पुरेसा नव्हता. त्यांच्याशी कागदावरच बोलावे लागले आणि ते स्वाभाविकही होते.

दुकानदाराचे गणित निराळे

घराची तुलना चौरस फुटांत करता येते, दुकानाची येत नाही. दुकानदाराच्या दृष्टीने गाळ्याचे मोल त्याच्या दर्शनी भागात असते. रस्ता कोणता, गाळा कोपऱ्यावर की आत, पायरी किती उंच, शेजारी कोण, हे सारे त्यात येते. भांड्यांच्या दुकानाला शेजारी आणखी चार भांड्यांची दुकाने लागतात, कारण गिऱ्हाईक त्या ओळीकडे येते, त्या एका दुकानाकडे नव्हे. तीच जागा पहिल्या मजल्यावर दुप्पट आकाराची दिली तरी अनेक व्यापारी ती नाकारतील. सरकत्या जिन्याच्या मॉलमध्ये वरच्या मजल्यांवर पोशाख विकले जातात. खिळे, बिजागऱ्या आणि सुटे भाग विकणाऱ्याचे गिऱ्हाईक हातगाडी लावून दारात उभे असते.

दुसरी गोष्ट काळाची. रहिवासी पाच वर्षे संक्रमण घरात काढू शकतो. दुकान पाच वर्षे दुसरीकडे राहिले तर त्याचे गिऱ्हाईक विखुरते. उधारीची खाती, घाऊक व्यापाऱ्याचा ठरलेला फेरा, रमजान आणि दिवाळीचा हंगाम या सगळ्यांची घडी विस्कटते. म्हणून दुकानदाराची संमती नेहमी सशर्त असते आणि ती शर्त बहुधा मासिक भाड्याच्या रकमेची नसते. धंदा किती अंतरावर हलणार आणि नव्या इमारतीत आपला गाळा कोणत्या रस्त्यावर उघडणार, या दोन गोष्टींची ती असते. नकाशावर गाळ्याचा क्रमांक दिसत नाही, तोवर व्यापाऱ्याचा होकार हा तोंडदेखलाच समजावा.

या सावधपणामागे दक्षिण मुंबईच्या व्यापाऱ्यांचा अनुभव आहे. क्रॉफर्ड मार्केट अर्थात महात्मा जोतिबा फुले मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. सव्वाशे वर्षे शहराचा फळबाजार तेथे भरत होता. गर्दी कमी करण्यासाठी घाऊक बाजार नवी मुंबईत हलवण्याचे धोरण आले, टप्प्याटप्प्याने कांदा-बटाटा, मसाले, धान्य गेले आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाल्याचा घाऊक व्यवहारही वाशीला गेला. वाशीची बाजारपेठ भरभराटीला आली, हे खरे. पण ज्या किरकोळ विक्रेत्यांचा धंदा त्या घाऊक वर्दळीवर चालत होता, ते मागे राहिले. पुढे मंडईच्या इमारतीचा खासगी विकासकामार्फत पुनर्विकास करण्याचा प्रस्ताव आला, तोही वादात सापडला आणि अखेर महापालिकेने स्वतःच टप्प्याटप्प्याने काम हाती घेतले. हिरे व्यापाऱ्यांनी मात्र २०१० मध्ये ऑपेरा हाऊस सोडून वांद्रे-कुर्ला संकुल गाठले आणि ते तेथे रुळले. त्यांचा माल खिशात मावतो आणि गिऱ्हाईक ठरवून येते. कापडबाजार मंगलदास आणि मूळजी जेठा मार्केटमध्येच राहिला. कोण हलतो आणि कोण हलत नाही, हे बहुतांशी मालाच्या वजनावर आणि गिऱ्हाइकाच्या सवयीवर ठरते.

भेंडी बाजाराच्या आराखड्यात याची दखल घेतलेली दिसते. दुकानदारांना परिसराबाहेर कायमचे न हलवता नव्या मनोऱ्यांच्या खालच्या मजल्यांवर, रस्त्याकडे तोंड करून जागा देण्याचे आणि जुन्या बाजाराचे रस्त्यावरचे स्वरूप टिकवण्याचे तत्त्व त्यात आहे. बंदिस्त मॉलचा मोह टाळला गेला, ही या योजनेची जमेची बाजू आहे. अर्थात जुन्या, कमी उंचीच्या इमारतींच्या ओळीखालचा बाजार आणि चाळीस मजली मनोऱ्याखालचा बाजार एकच राहील काय, हा प्रश्न उरतोच. देखभाल खर्च, वाहनतळाचा दर आणि मालाच्या गाड्या उभ्या करण्याच्या वेळा या गोष्टी जुन्या भेंडी बाजारात कोणी विचारतच नव्हते.

ज्यांची सही कोणी मागितली नाही

संमतीच्या कागदावर नाव असते ते नोंदीतल्या भाडेकरूचे. उपकरप्राप्त इमारतींच्या नियमांत १३ जून १९९६ ही पात्रतेची तारीख महत्त्वाची मानली गेली आहे. दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणारा कारागीर, गोदामात राहणारे हमाल, पोटभाडेकरू, दुकानाच्या ओट्यावर परंपरेने बसणारा विक्रेता या कोणाचाही कागदाशी संबंध येत नाही. बाजार चालवणाऱ्यांत त्यांची संख्या थोडी नसते. योजनेला पाठिंबा किती, या प्रश्नाच्या उत्तरात ते नसतात. इमारत कोसळते तेव्हा मात्र ढिगाऱ्यात तेही असतात.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी हेच घडले. दोनच दिवसांपूर्वी, २९ ऑगस्टला, मुंबईला पावसाने झोडपून काढले होते आणि बकरी ईद दोन दिवसांवर आली होती. पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी ही सुमारे शतकभर जुनी इमारत साडेआठच्या सुमारास कोसळली. ३३ जण मृत्युमुखी पडले. इमारतीत मिठाई तयार करण्याचे काम चाले आणि तेथे परप्रांतीय कामगार राहत होते.

हुसैनी इमारत ट्रस्टच्या पुनर्विकास योजनेतच होती, हे या दुर्घटनेचे सर्वांत क्लेशदायक अंग. ट्रस्टने दिलेल्या माहितीनुसार इमारतीत १३ भाडेकरू होते, त्यांपैकी १२ निवासी व एक व्यापारी. सात कुटुंबांना २०१३-१४ मध्येच संक्रमण घरांत हलवण्यात आले होते आणि उरलेल्यांना इमारत रिकामी करण्याच्या नोटिसा म्हाडाने २०११ मध्येच बजावल्या होत्या. याचा अर्थ निम्म्याहून अधिक भाडेकरूंची संमती प्रत्यक्षात उतरली होती, सरकारी यंत्रणेने धोका मान्य केला होता, पर्यायी जागेची सोय होती आणि तरीही इमारत सहा वर्षे वापरात राहिली. घर सोडल्यास हक्क जाईल ही धास्ती, मोबदल्याबाबतचे मतभेद, वापर बंद करण्याबाबतची प्रशासनाची टाळाटाळ, यांतले कोणतेही एक कारण पुढे करून भागत नाही. मात्र रिकाम्या झालेल्या खोल्या असलेली आणि तरीही अर्धी वसलेली इमारत ही पूर्ण वसलेल्या इमारतीहूनही दुर्लक्षित असते, हे मुंबईतील जुन्या वस्त्यांत राहणारा कोणीही सांगेल.

दुर्घटनेनंतर अडीच महिन्यांनी, १४ नोव्हेंबर २०१७ रोजी, याच पाकमोडिया स्ट्रीटचे नाव वेगळ्या कारणाने वृत्तपत्रांत झळकले. फरारी गुंड दाऊद इब्राहिम याच्या जप्त केलेल्या तीन मालमत्तांचा केंद्र सरकारने लिलाव केला आणि त्या ११.५८ कोटी रुपयांना सैफी बुऱ्हानी ट्रस्टने घेतल्या. बातम्यांना दाऊदचे नाव पुरले. पण ट्रस्टच्या दृष्टीने हा व्यवहार भूसंपादनाचा होता. समूह पुनर्विकासात मधलीच एखादी इमारत हाती नसेल तर सारा नकाशा अडतो. पुढच्या वर्षी अमिना मॅन्शन ही मालमत्ताही ट्रस्टने अशाच लिलावात ३.५१ कोटी रुपयांना विकत घेतली.

किल्ल्या आणि उरलेले काम

बांधकामाने खऱ्या अर्थाने वेग घेईपर्यंत २०१६ उजाडले होते. तत्पूर्वी, जानेवारी २०१४ मध्ये, सय्यदना बुऱ्हानुद्दीन यांचे निधन झाले आणि याच परिसरातील रौदत ताहेरा येथे त्यांचे दफन झाले. पहिल्या टप्प्यातील 'अल सआदा' हे दोन मनोरे २०२० च्या सुमारास तयार झाले. शेकडो कुटुंबे आणि शंभरावर दुकाने त्यांत परतली. ज्यांनी २०१० च्या आसपास सह्या केल्या, त्यांच्यापैकी काहींच्या किल्ल्या पुढच्या पिढीने घेतल्या असणार, हे उघड आहे.

योजनेवर आक्षेपही कमी झालेले नाहीत. मनोरे एकमेकांच्या फार जवळ आहेत, खालच्या घरांना ऊन व वारा किती मिळणार, मोकळी जागा किती उरते, जुन्या गल्ल्यांचा एकजिनसी पोत नाहीसा होतो, असे नगररचनाकार व वारसाप्रेमी मांडत आले आहेत. हे आक्षेप बाहेरच्यांचे म्हणून सोडून देता येणार नाहीत. तसेच शौचालयासाठी रांग लावणाऱ्यांना जुन्या सज्जांचे सौंदर्य ऐकवणेही न्याय्य नाही.

शासनाने २०२२ मध्ये म्हाडा कायद्यातील दुरुस्ती अमलात आणून धोकादायक इमारतीच्या मालकाला, आणि त्याने काही न केल्यास भाडेकरूंच्या संस्थेला, पुनर्विकासाचा प्रस्ताव ठरावीक मुदतीत आणणे भाग पाडले. तेही न झाल्यास म्हाडा इमारत ताब्यात घेऊ शकते. येथेही ५१ टक्के संमतीची अट आहे. भेंडी बाजारातील उरलेल्या टप्प्यांचे काम २०२० च्या दशकातही चालूच राहिले. ज्या व्यापाऱ्यांचे गाळे अजून पडायचे होते, ते 'अल सआदा'च्या तळमजल्यावर गेलेल्यांचा धंदा कसा चालतो, याकडे लक्ष ठेवून होते.